हळद वर चढली, पुस्तकं खालीच राहिली

आजचा विषय जरा भारदस्त शब्दांत जाहीर झाला आहे, ‘वारसा-संवर्धन आणि स्वायत्त संस्थांचे सहकार्य’. साध्या भाषेत प्रश्न एवढाच, की वेगवेगळ्या संस्था एकत्र येतात तेव्हा नेमकं काय वाचतं, आणि काय डोळ्यांदेखत वाहून जातं? त्यातून हे व्याख्यान कुपवाडात ठेवलं, हे आम्हाला फार बरं वाटलं. कारण सांगतो.

9 फेब्रुवारी 1998 ला सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका झाली. पाटीवर तीन नावं आली. पण वारशाची गोष्ट निघाली की दोनच उरतात. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. मिरज म्हणजे सतार-तंबोरे आणि अब्दुल करीम खाँसाहेब. आणि कुपवाड? ‘एमआयडीसी’ असं म्हणून लोक पुढे जातात. आज आम्ही जी टीका करणार आहोत तिचा रोख आपल्या संस्थाजीवनावर आहे, आणि तिच्यावरचा उपाय बराचसा कुपवाडच्या हातात आहे, असं आमचं म्हणणं आहे.

सुरुवात नाटकापासूनच करू. 1843 साली सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या सांगण्यावरून विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ उभं केलं. हे आपल्याला पाठ आहे. त्यापुढचं आपण भरभर वाचून टाकतो. 1851 साली आप्पासाहेब गेले आणि राजाश्रय संपला. भाव्यांवर कर्ज होतं, नटांची पोटं होती. मग मंडळी गावोगाव निघाली आणि 1853 साली मुंबईला पोचली. तिकीट काढून नाटक बघणारा प्रेक्षक मराठी रंगभूमीला मिळाला तो असा, आश्रय तुटल्यामुळे. म्हणजे आपल्या नाट्यपरंपरेचा पहिला धडाच हा आहे, की एकाच हातावर भिस्त ठेवली तर तो हात गेल्यावर काय?

भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या. त्या पुढे दुसऱ्यांच्या हाती गेल्या, आणि पुष्कळ वर्षांनी रामदास पाध्ये यांनी मेहनतीनं त्यांत पुन्हा जीव घातला. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातले कागद वाचून काढले आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. दोन्ही कामांपुढे हात जोडावेत अशीच. पण नीट बघितलं तर दोन्हीकडे एकेक माणूस दिसतो. तो माणूस भेटला नसता तर? आपलं बरंचसं धन असं योगायोगानं वाचलेलं आहे.

इथं तंजावरचं उदाहरण घ्यायला हवं. तिथल्या भोसले राजांच्या काळातली मराठी नाटकं ‘सीता स्वयंवरा’च्या कितीतरी आधीची आहेत. ‘पहिलं नाटक कोणतं’ यावर आपल्याकडे तावातावानं बोललं जातं. त्या वादात आज पडायचं नाही. आम्हाला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. ती नाटकं आपल्याला आज माहीत आहेत, कारण त्यांची हस्तलिखितं तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात टिकली. कुणीतरी ती जागेवर ठेवली, सांभाळली, यादीत लिहिली. पुढे इतिहासात कशाला जागा मिळणार, हे कपाटात काय उरलं यावर ठरतं.

आता आपल्या संस्थांकडे वळू. संस्थांची एकी आपल्याकडे नाही, असं कोण म्हणेल? 1943 साली मराठी रंगभूमीची शताब्दी सांगलीत साजरी झाली, स्वातंत्र्यवीर सावरकर अध्यक्ष होते. 5 नोव्हेंबरचा रंगभूमी दिन आपण आजही पाळतो, त्या दिवशी दिलं जाणारं विष्णुदास भावे गौरवपदक साऱ्या महाराष्ट्रात मानाचं आहे. अलीकडे, डिसेंबर 2023 मध्ये, शंभराव्या नाट्य संमेलनाची मुहूर्तमेढ सांगलीतच रोवली गेली. मिरजेत खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या उरुसात गाणं होतं, अंबाबाईच्या नवरात्रात गाणं होतं. दोन्हीकडे तेच रसिक आणि तंबोरे लावणारे हातही पुष्कळदा तेच. हिंदू-मुसलमान असा भेद त्या स्वरांत कुणाला शोधायचा असेल तर त्यानं खुशाल शोधावा, सापडणार नाही.

हे सगळं मोलाचं आहे. उत्सव नसते तर नव्या पोरांना खाँसाहेबांचं नावही कळलं नसतं. पण आम्ही या एकीला ‘मांडवापुरती एकी’ म्हणतो. उत्सव ठरला की स्वागत समिती होते, भोजन समिती होते, निवास समिती होते. दहा संस्थांची नावं पत्रिकेवर येतात. पाहुणे येतात, भाषणं होतात, मांडव उतरतो. त्या चार दिवसांत जमलेले फोटो, ध्वनिफिती, जुन्या नटांनी आणून दाखवलेल्या नाटकाच्या वह्या कुठं जातात? कुणाच्या तरी माळ्यावर. नोंद समिती नावाची समिती मात्र कधी होत नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येक संस्था आपलं कुलूप लावून घरी जाते.

दुसऱ्या प्रकारची एकी म्हणजे प्रमाणपत्राची. भौगोलिक मानांकनाचा 1999 चा कायदा आहे. त्यात मजेची गोष्ट अशी, की एकटा कारागीर किंवा एकटा व्यापारी हे मानांकन स्वतःच्या नावावर घेऊ शकत नाही. उत्पादकांच्या संघानं किंवा त्यांचं हित बघणाऱ्या संस्थेनं अर्ज करायचा. म्हणजे कायदाच म्हणतो, आधी एकत्र या. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली हे मानांकन मिळालं, तेही कारागिरांच्या अशाच संघटनांमुळे. सतारमेकर गल्लीत जी घराणी एकमेकांची स्पर्धक आहेत ती एका कागदावर आली. हे सोपं काम नव्हे, त्यांचं मनापासून अभिनंदन.

पण मानांकनानं काय वाचतं? नाव वाचतं. दुसऱ्या गावचा माल ‘मिरजेचा तानपुरा’ म्हणून विकता येत नाही. तुंब्याचा भोपळा मात्र मानांकनानं पिकत नाही. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, त्याला शेतकरी लागतो, पाणी लागतं. जवारी काढायला कान लागतो आणि तो कान तयार व्हायला वर्षानुवर्षं उस्तादाजवळ बसावं लागतं. पोरगं तितकी वर्षं बसेल एवढी मिळकत त्याला दिसली पाहिजे. म्हणजे प्रमाणपत्राची एकी दारापर्यंत आणून सोडते. आतलं काम तिच्यानं होत नाही.

तिसरी एकी मुंबईत बघायला मिळते. 1995 साली मुंबईत वारसा-वास्तूंसाठी स्वतंत्र नियम आले, भारतात असे नियम करणारं ते पहिलं शहर. पुढे ओव्हल मैदानाच्या आसपासच्या रहिवासी संघटना, नगररचनेचा अभ्यास करणारी संस्था, काळा घोडा परिसरात काम करणारी मंडळी, संवर्धन-वास्तुविशारद असे सगळे कित्येक वर्षं एका कामाला लागले. 30 जून 2018 ला व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंचा तो समूह जागतिक वारसा यादीत गेला. 94 इमारती. प्रत्येकीची नोंद, नकाशा, फोटो, मालक कोण, बदल काय झाले. ही एकी मांडवापुरती नव्हती, कारण तिच्या मध्यभागी एक यादी होती. भाषण विसरलं जातं. यादी दर वर्षी उघडावी लागते, दुरुस्त करावी लागते, म्हणून ती माणसांना पुन्हा पुन्हा एका टेबलाशी बसवते.

मग मुंबईचंच उचलून इथं लावावं का? तर तसं जमणार नाही. इमारत जागची हलत नाही, तिला यादीत घातलं की निम्मं काम झालं. आपला वारसा मात्र बहुतेक कपाटात आहे. मासिकांचे जुने बांधीव अंक, नाटकाच्या हस्तलिखित संहिता, हिशेबाच्या वह्या, रेकॉर्डी, पत्रं. तो उचलून नेता येतो, आणि नाही उचलला तर बुडतो. आणि बुडतो हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरत नाही, हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको.

2005, 2019, 2021. ही तीन सालं आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहेत. आयर्विन पुलाशी इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. सांगली नगर वाचनालय ही 1869 सालची संस्था. त्या पुरात तिची हजारो पुस्तकं पाण्यात गेली, त्यांत दुर्मीळ ग्रंथ होते. नंतर मदतीचे हात पुढे आले, नवी पुस्तकं आली. त्या सगळ्यांचे उपकारच आहेत. पण नवं पुस्तक जुन्या अंकाची जागा घेत नाही. एखाद्या बंद पडलेल्या नियतकालिकाची गावात एकच फाईल असेल आणि ती लगदा झाली, तर ती देणगीत परत कशी यायची?

आता याच पुराची दुसरी बाजू बघा. सांगलीजवळ हरिपूर आहे, कृष्णा-वारणेचा संगम. गोविंद बल्लाळ देवलांचं हे जन्मगाव. इथल्या जमिनीत हळदीची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार, तोंडाशी अरुंद, आत पसरट. इथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राहायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा जाऊ द्यायची, हे शहाणपणही त्याच्याबरोबर चालत आलेलं. 2005 च्या पुरात ही पेवं मोठ्या संख्येनं निकामी झाली. मग हळदीचं काय झालं? हळद वर चढली. गोदामांत गेली, कोल्ड स्टोरेजमध्ये गेली, उंचावरच्या जागेत गेली, आणि त्यातली काही इथं, आपल्या कुपवाडच्या एमआयडीसीत. 2018 साली सांगलीच्या हळदीला मानांकन मिळालं तोवर तिनं आपला मुक्काम हलवलाही होता.

2005 ला पूर सगळ्यांनीच पाहिला होता. व्यापाऱ्यानं पाहिला, ग्रंथपालानंही पाहिला. हळद वर चढली, पुस्तकं खालीच राहिली. चौदा वर्षांनी पाणी पुन्हा आलं तेव्हा ती तिथंच होती. आमची सगळी टीका या एका गोष्टीत आहे.

असं का झालं? व्यापारी फार शहाणा आणि संस्थाचालक बेफिकीर, असं म्हणणं सोपं आहे आणि ते खोटं आहे. या संस्था चालवणारी माणसं पदरमोड करतात, संध्याकाळ घालवतात, शिव्या खातात. फरक व्यवस्थेत आहे. हळदीच्या पोत्याला भाव असतो. त्याचा विमा निघतो, गोदामाच्या पावतीवर बँक कर्ज देते, त्यामुळे पोतं कुठं आहे याची चौकशी करणारे चार जण असतात. नाटकाच्या वहीची चौकशी कोण करतो? वाचनालयांचा विचार करा. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान. ग्रंथ किती, वर्तमानपत्रं किती, सभासद किती, हे मोजलं जातं. दुर्मीळ ग्रंथ कितव्या मजल्यावर ठेवला आहे, हे विचारलं जात नाही. शिवाय एकाच वर्गासाठी धडपडणाऱ्या दोन संस्था एकमेकींकडे बघणार कशा? शेजारीण म्हणून कमी आणि जाऊबाई म्हणून जास्त!

अशा वेळी काय करायचं असतं याचे दाखले बाहेर आहेत. ऑगस्ट 2002 मध्ये प्रागला पूर आला. भिजलेल्या पुस्तकांना दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. म्हणून तिथल्या ग्रंथालयांनी ओली पुस्तकं गोठवून ठेवली, आणि मग सवडीनं, वर्षानुवर्षं, ती वाळवत राहिले. त्यासाठी त्यांनी अन्न गोठवणाऱ्या कारखान्याची शीतगृहं वापरली. आपल्याकडच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गोठण्याइतकी थंडी नसते, ते आम्ही जाणतो. पण बुरशीचा वेग मंदावण्याइतका गारवा असतो, आणि खरी गोठवण करणारी यंत्रणाही औद्योगिक वसाहतींना नवीन नाही. मुद्दा यंत्राचा नाही. पूर यायच्या आधी ग्रंथपालाकडे कारखानदाराचा फोन नंबर हवा, आणि रात्री दोनला फोन आला तर काय करायचं ते कारखानदाराला ठाऊक हवं. जगाच्या पातळीवर 1996 साली अभिलेखागारं, संग्रहालयं, स्मारकं आणि ग्रंथालयं यांच्या चार आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून ‘ब्लू शील्ड’ची समिती केली ती याच विचारानं. चौघींनी आपापलं अस्तित्व ठेवलं. संकटापुरतं काम वाटून घेतलं.

मग आपण काय करावं? आमच्या मते तीन कामं आहेत, आणि तिन्हींना मांडव लागत नाही.

पहिलं काम यादीचं. प्रत्येक संस्थेनं आपल्याकडची पन्नास वस्तू-पुस्तकं निवडायची, जी गेली तर दुसरीकडे मिळणार नाहीत. फक्त पन्नास. कुठल्या कपाटात, कितव्या मजल्यावर, किल्ली कुणाकडे, हे एका कागदावर लिहायचं, आणि त्या कागदाची प्रत बाकीच्या संस्थांकडे द्यायची.

दुसरं काम जागेचं. कुपवाडसारख्या उंच भागात एक कोरडी खोली, लोखंडी रॅक, वाळवीचा बंदोबस्त, पावसाळ्याचे चार महिने. संस्थांनी खर्च वाटून घ्यायचा.

तिसरं काम पातळीचं. आयर्विन पुलाशी पाणी 35 फुटांवर आलं की टेम्पो निघाला पाहिजे. 45 ला निघून उपयोग नाही, तोवर गल्लीत पाणी असतं आणि कार्यकर्ता स्वतःच्या घरातलं सामान वर चढवत असतो.

यावर पहिला आक्षेप आम्हाला पाठ आहे. ‘आमची वस्तू एकदा दुसऱ्याकडे गेली की आमची राहील का?’ भीती खरी आहे. आपल्याकडे वाचायला नेलेलं पुस्तक परत येत नाही, तिथं हस्तलिखिताचं काय! पण याचं उत्तर हरिपुरानं कधीच दिलेलं आहे. पेव एकाचं असायचं, हळद दुसऱ्याची. पेववाल्यानं भाडं घेतलं म्हणून हळदीवर हक्क सांगितला नाही. त्याला ठेव म्हणतात. मालकी ज्याची त्याची, सांभाळ सगळ्यांचा. तेवढा एक पानी करार, दोन्ही विश्वस्त मंडळांच्या ठरावासह, पुरेसा आहे. संस्थेची स्वायत्तता तिच्या निर्णयात असते, ओल्या भिंतीत नसते.

दुसरा आक्षेप असा, की हे महापालिकेनं करावं, सरकारनं करावं. करावंच, त्यांना सुट्टी द्यायला आम्ही सांगत नाही. पण 8 ऑगस्ट 2024 ची रात्र आठवा. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी 1915 साली बांधलेलं, आगीत जळालं. ते महापालिकेच्याच ताब्यात होतं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जळालेली वास्तू जशीच्या तशी उभी करायची म्हटलं की जुने नकाशे, मोजमापं, आतले फोटो लागतात, आणि असे कागद एकाच इमारतीत ठेवले असतील तर तेही तिच्याबरोबर जातात. म्हणून एकाच्या हाती सगळं, मग तो राजा असो की महापालिका, हा आपल्यापुरता निकालात निघालेला मार्ग आहे.

तिसरा आक्षेप कुपवाडकरांनी घ्यावा, अशी आमची इच्छा आहे. ‘म्हणजे नाटक सांगलीचं, गाणं मिरजेचं, आणि आम्ही फक्त गोडाऊन?’ अगदी बरोबर प्रश्न आहे. ज्याची खोली त्याची खुर्ची, हे आधी ठरलं पाहिजे. आणि पन्नासची यादी कुपवाडनंही करावी. कारखान्यांच्या सुरुवातीच्या काळातले फोटो, कामगार संघटनांची पत्रकं, भजनी मंडळांच्या वह्या. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. पाळी संपवून, हात धुऊन तालमीला उभ्या राहिलेल्या माणसांच्या संहिता कुठं आहेत? भाव्यांच्या गावात कामगाराचं नाटक वारसा ठरत नसेल, तर आपण नाट्यपंढरी हा शब्द जरा जपून वापरलेला बरा.

राहता राहिलं स्कॅनिंग. ‘सगळं स्कॅन करून टाका’ असं तरुण मुलं म्हणतात. जरूर करा. पण स्कॅन करायलाही वही कोरडी लागते, आणि जवारी लावलेला तंबोरा स्कॅन होत नाही.

आम्ही मोठी स्वप्नं मांडायला आलो नव्हतो. दोन संस्थांनी जरी या उन्हाळ्यात पन्नास-पन्नासची यादी करून एकमेकींना दिली, तरी या तीन शहरांत आजवर झालेल्या पुष्कळ परिसंवादांपेक्षा ते जास्त होईल. यादी करताना भांडणं होतील, पन्नासात काय घ्यायचं यावरून शब्दाला शब्द लागेल. लागू दे. कपाट उघडून झालेलं भांडण कुलूप लावून ठेवलेल्या स्नेहापेक्षा बरं.

मृगाला अजून अवकाश आहे. कपाटं उघडायला तेवढा वेळ पुरतो.